टाकी गळतेय? आधी पट्टी आणा, सिमेंट नंतर

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला जमलं नाही किंवा ज्यांनी ऐकलंय पण मापं परत बघायची आहेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ना' बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय आहे गावच्या घरामागची, पावसाचं पाणी साठवायची काँक्रीटची टाकी. ती गळत होती आणि गेल्या मे महिन्यात आम्ही ती दुरुस्त केली. मी सॉफ्टवेअरवाली आहे, सिव्हिलची नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो गळती शोधण्यात, आणि शोधाशोध हे तर माझं रोजचं काम. शिवाय एक गोष्ट मी इतकी चुकीची करणार होते की त्यात कुणाचा तरी जीव गेला असता. तेही सांगते, कारण हा भाग करायचं खरं कारण तेच आहे.

घर राजापूर तालुक्यात, कातळाच्या कडेला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी एप्रिल आला की विहीर तळ दाखवते, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. जूनमध्ये अंगणात पाणी आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट, हे कोकणातल्यांना सांगायला नको.

टाकी ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २ मीटर खोल. म्हणजे २० घनमीटर, २०,००० लिटर. तिच्या तीन भिंती मातीत आहेत आणि उताराकडची एक उघडी. छपरावरून पन्हळीतून पाणी येतं. छपराचं गणित सोपं आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमचं छप्पर साधारण १०० चौरस मीटरचं, त्यामुळे २०० मिलिमीटर पावसात टाकी भरते. थोडं पाणी वाया जातं असं धरलं तरी जून संपायच्या आत ती वाहायला लागते. तर भरण्याची काळजी कधीच नव्हती. काळजी होती ती ऑक्टोबरनंतर भरलेली टाकी पुढच्या जूनपर्यंत टिकवायची.

मार्चपासून १० जूनपर्यंत शंभर दिवस धरा. टाकी भरलेली असेल तर रोज २०० लिटर मिळतात. अर्धी असेल तर १००. घरात आई आणि आजी, गोठ्यात एक गाय. गायच दिवसाला ५० लिटर पिते. दोन वर्षांपूर्वी आई फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "गाय देऊन टाकावी म्हणते." आणि लगेच विषय बदलला. आई एखादी गोष्ट सहज बोलते तेव्हा ती सहज नसते, हे तुम्हालाही माहीत असेल.

ओल दिसते तिथेच पॅच मारत बसलो

उघड्या भिंतीच्या पायथ्याशी कायम ओल असायची. तिथे अळू इतकं माजलेलं की शेजारचे भाजीला मागून न्यायचे. साहजिकच आम्ही धरून चाललो की टाकी तळाला गळते. तीन वेळा त्या पायथ्याला बाहेरून सिमेंट थापलं. तिसऱ्या वेळी तर शहरातून वॉटरप्रूफिंगवाला बोलावला. त्याने बाहेरून पांढरा रंग मारला, सात वर्षांची गॅरंटी तोंडी दिली, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत अळू पूर्वीपेक्षा जोरात.

आमच्या कामात याला लक्षण दुरुस्त करणं म्हणतात. स्क्रीनवर जिथे एरर दिसते तिथेच दोन ओळी बदलायच्या आणि पुढे जायचं. मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना हे करू नका म्हणून सांगते. घरी तेच करत होते.

खरा धागा आईने कितीतरी वर्षं दिला होता. "अगं, अर्धी झाली की मग टिकते ती. वरचं पाणीच राहत नाही." हे वाक्य मी दर वर्षी ऐकलं आणि दर वर्षी सोडून दिलं.

विचार करा. टाकी तळाला गळत असेल तर ती तळापर्यंत रिकामी होणार. ती मध्येच थांबते, याचा अर्थ भोक तिथे, मध्येच आहे. पाणी त्या उंचीच्या खाली गेलं की गळायला मार्गच उरत नाही. यासाठी बीटेक लागत नाही. लागलंच तर आईचं ऐकायला लागतं.

मोजायचं कसं

दिवाळीला गेले तेव्हा एक सरळ लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर मिलिमीटरची टेप चिकटवली, आणि झाकणातून सोडून एका ठरलेल्या कोपऱ्यात टेकवली. कोपरा तोच ठेवायचा, कारण तळाला उतार असतो. रात्री १० ला एक नोंद, सकाळी ६ ला दुसरी. मधल्या वेळात कुणी पाणी काढायचं नाही आणि पन्हळीतून आत काही यायला नको.

पहिल्या रात्री पातळी ५ मिलिमीटर उतरली. ऐकायला काहीच नाही. पण आमच्या टाकीचा तळ १० चौरस मीटर आहे, म्हणजे ५ मिलिमीटर म्हणजे ५० लिटर. आठ तासांत ५०, तर दिवसाला १५०. गाय, आजी आणि आई मिळून जितकं वापरतात, जवळजवळ तितकंच पाणी जमीन पीत होती.

टाकीला पक्कं झाकण असेल तर बाष्पीभवन विसरा. उघडी असेल तर एक बादली पाण्याने भरून टाकीतच दगडावर किंवा दोरीने अर्धवट बुडवून ठेवा आणि दोन्हीकडची घट मोजा. बादलीतली घट म्हणजे उन्हाने नेलेलं पाणी. त्याच्यावर जे जास्त ते गळतीचं. आणि हो, आधी बाहेरचा कॉक कोरडा पुसून त्याला कागदी रुमाल गुंडाळा. निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. आमचा कॉक कोरडा निघाला.

मी पुण्याला परतले. मग दर रविवारी सकाळी आई पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची. जानेवारीत एका रात्रीची घट २ मिलिमीटरवर आली. फेब्रुवारीच्या शेवटी ती पट्टीवर नीट वाचताच येईना, आणि पाणी तळापासून साधारण १ मीटरवर येऊन थबकलं. यातही एक खूण आहे. फटीवर जितकं पाणी उभं असतं तितका तिच्यावर दाब, म्हणून पातळी उतरेल तशी गळती मंदावते. तुमची गळती अशी हळूहळू मंदावत एका उंचीवर थांबत असेल तर त्या उंचीला खडूने खूण करा. तिथेच शोधायचं.

१ मीटरवर काय आहे, ते आजीला ठाऊक होतं. टाकी बांधताना अर्ध्यात सिमेंट संपलं होतं, आणि दुसरी खेप यायला चार दिवस गेले. म्हणजे खालचं काँक्रीट घट्ट झाल्यावर वरचं ओतलं. जुन्या काँक्रीटचा माथा टोचून खरबरीत केला नाही, वरची कमकुवत साय काढली नाही, तर नवं काँक्रीट त्याच्यावर नुसतं बसतं, चिकटत नाही. याला कोल्ड जॉइंट म्हणतात. आमच्या टाकीला चारी बाजूंनी मिळून असा १३ मीटर लांबीचा सांधा होता. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आपल्याकडे आयएस ३३७० हे वेगळं मानक आहे आणि त्यात घराच्या साध्या स्लॅबपेक्षा चांगलं, एम ३० दर्जाचं काँक्रीट सांगितलंय. गावाकडे बहुतेक टाक्या घराच्या उरलेल्या मालात उरकतात.

मग पायथ्याशी ओल का? कारण पाणी १ मीटरवरच्या सांध्यातून बाहेर यायचं, पण बाहेरच्या गिलाव्याच्या मागे अडकून खाली सरकायचं आणि गिलावा जिथे संपतो तिथे पाझरायचं. आम्ही तिथे सिमेंट थापलं की ते थोडं बाजूला सरकून दुसरीकडून यायचं.

आतून का, बाहेरून का नाही

१ मीटर उंच पाणी दर चौरस मीटरला १ टन ढकलतं. २ मीटरला २ टन. बाहेरून लावलेल्या थराला हे पाणी मागून ढकलत असतं, भिंतीपासून सोलून काढत असतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी भिंतीवर दाबून धरतं. मोरीचं बूच पाण्यानेच घट्ट बसतं ना, तसं. म्हणून शक्य असेल तर दुरुस्ती नेहमी पाण्याच्या बाजूने. झटपट आवळणारं सिमेंट मिळतं, ते वाहत्या फटीत बाहेरून दाबता येतं, पण ते फक्त उन्हाळ्यापर्यंत वेळ काढण्यासाठी.

केसासारख्या बारीक फटींना मात्र लगेच हात लावू नका. त्या बऱ्याचदा आपोआप भरतात. पाणी सिमेंटमधला चुना थोडा विरघळवतं आणि तो फटीत परत जमतो. बाहेर पांढरे ओघळ दिसतात ते हेच. ओघळ कोरडे असतील तर फट मिटली आहे असं समजा. ओले असतील तर नाही.

आत उतरण्याआधी

आता ती चूक.

९ मेला घरी पोचले तेव्हा टाकीत २५ सेंटिमीटर पाणी होतं, अडीच हजार लिटर. शेजाऱ्यांकडून हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या आणि दोन पिंपं मागून आणली आणि पाणी त्यांत काढून घेतलं. तळाला उरला काळा, पानं कुजलेला गाळ. गाळ उपसायला शेजारच्या बागेतला पेट्रोलचा पंप होता. पाइप लहान पडत होता, म्हणून मी म्हटलं, पंपच आत ठेवू या. दोरी बांधून झाली होती.

अण्णा, आमचे गवंडी, साठीच्या पुढचे. ते चहाचा कप खाली ठेवून उठले. "बाय, तो पंप आत सोडलास तर मी काम सोडून घरी जातो." त्यांनी तरुणपणी विहिरीत हे झालेलं पाहिलं होतं. इंजिन आत चालू, एक जण खाली कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही वर आला नाही.

मी नंतर वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. झाकण दोन फुटांचं, आत २० घनमीटर हवा. अशा ठिकाणी इंजिनाला फार वेळ लागत नाही. आणि इंजिन नसलं तरी धोका आहेच: कुजणारी पानं बंद टाकीतला ऑक्सिजन खातात आणि विषारी वायू सोडतात. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात, आणि १० च्या खाली माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गुदमरल्यासारखं वाटेल, मग आपण वर येऊ, असा वेळ मिळत नाही.

मेणबत्ती सोडून बघायची जुनी पद्धत? विझली तर उतरू नका, ते बरोबर. पण जळत राहिली म्हणून हवा चांगली असं नाही. मेणबत्ती साधारण १६ टक्क्यांपर्यंत जळत राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तिला कळतच नाही. खात्रीचं उपकरण म्हणजे गॅस डिटेक्टर. मिळवता आला तर मिळवाच.

आम्ही काय केलं ते सांगते. दोन्ही झाकणं पूर्ण एक दिवस उघडी. झाकणाशी पंखा, बाहेरच ठेवलेला, एका झाकणातून ताजी हवा आत ढकलणारा, म्हणजे दुसऱ्यातून जुनी बाहेर. गाळ जितका निघेल तितका वरूनच बादलीने काढला, आणि ढवळल्यावर परत हवा खेळू दिली, कारण वायू गाळात दडलेला असतो. आत जाणाऱ्याच्या छातीला दोरी. वर एक माणूस कायम, ज्याचं दुसरं काही काम नाही, फोन बघणंसुद्धा नाही. शिडी आतून कधीच काढायची नाही. उजेडासाठी डोक्याला लावायची बॅटरी. वायर लावलेला दिवा ओल्या टाकीत नको. वीस मिनिटांनी बाहेर. आणि वरच्या माणसाला एक गोष्ट पाठ: आतला पडला तर उतरायचं नाही. दोरी ओढायची आणि ओरडायचं. वर कोण असणार, तर माझा चुलत भाऊ. त्याच्याकडून मी हे तीनदा म्हणवून घेतलं. तो वैतागला. वैतागू दे.

सेप्टिक टँक ही याहून वेगळी आणि खूप वाईट गोष्ट आहे. त्यात यातलं काही वापरून उतरायचं नाही. अजिबात नाही.

साफसफाई, आणि ॲसिड का नको

गाळ निघाल्यावर भिंती कडक नायलॉनच्या ब्रशने घासल्या. बाथरूमचं ॲसिड वापरायचा मोह होतो, कारण डाग झटकन जातात. ते जातात, कारण वरचं सिमेंटच विरघळतं. पुढच्या वर्षी तीच भिंत खरबरीत, आणि शेवाळाला बसायला अजून चांगली जागा. आणि ॲसिड नि ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत हे कधीच करू नका.

निर्जंतुक करायचं काम शेवटी येतं, सगळी दुरुस्ती सुकल्यावर. पण इथेच सांगून टाकते. ताजी ब्लिचिंग पावडर, गावात जिला टीसीएल म्हणतात, १० लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम, म्हणजे दीड छोटा चमचा. ते भिंतींना आणि तळाला ब्रशने लावायचं, बाहेर यायचं, अर्ध्या तासाने धुवायचं. पावडर जुनी, फोडून ठेवलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो आणि तुम्ही नुसता चुना लावत असता. हातमोजे, चष्मा आणि पंखा चालू.

सांधा भरणं

भिंती धुतल्यावर एक दिवस नुसतं थांबलो. हा माझा आवडता भाग. ओली भिंत सुकताना फटी सगळ्यात शेवटी सुकतात, कारण त्यांच्यात पाणी शिल्लक असतं. दुपारी तीनच्या सुमाराला भिंत फिकट राखाडी झाली आणि बरोबर खडूच्या खुणेवर, चारी बाजूंनी, एक काळी रेघ उभी राहिली. मी लगेच फोटो काढले. तुम्हीही काढा, तासाभरात ती रेघ नाहीशी होते.

अण्णांनी हातोडीने सगळीकडे वाजवून पाहिलं. भरीव जागा टणटण वाजते, पोकळ जागा भदभद. दोन ठिकाणी पोकळ निघालं. त्यातल्या एका ठिकाणी सळई गंजली होती. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. तिथे सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढलं, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासली, गंजरोधक लावला आणि मग भरलं. सळई निम्मी झिजलेली असेल किंवा भिंत बाहेर फुगलेली दिसत असेल तर गवंड्याचं काम संपलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सांध्यावर छिन्नीने २५ मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ तितकीच खोल चर पाडली. चर चौकोनी हवी, कडा सरळ. इंग्रजी व्ही सारखी पाडली तर कडेला माल पातळ होतो आणि तिथूनच सुटतो. १३ मीटर चर पाडायला अण्णा आणि त्यांचा बिगारी यांना दोन दिवस लागले. टाकीच्या आत मे महिना म्हणजे काय ते मी वीस मिनिटांत शिकले.

चर ब्रशने घासली, धुतली, आणि काँक्रीटला पाणी पाजलं. म्हणजे काँक्रीट आतून ओलं, पण वर पाणी चमकत नाही, असं हवं. कोरडं काँक्रीट नव्या मालातलं पाणी शोषून घेतं आणि माल भुसभुशीत होतो. मग सिमेंट आणि एसबीआर नावाचं दुधासारखं रसायन यांचा पातळ हात मारला आणि तो ओला असतानाच माल भरला: १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात एसबीआर, आणि पाणी शक्य तितकं कमी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. दोन थरांत, थापीच्या टोकाने ठासून. वाळू खाडीची नको. तिच्यातल्या मिठाने सळई गंजते, आणि आमच्या भागात ती स्वस्त मिळते म्हणून आवर्जून सांगते.

तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथेही अण्णांनी त्याच मालाची गोलाई केली. गवंडी तिला वाटा म्हणतात. काटकोनात गाळ साचतो आणि ताणही तिथेच येतो, म्हणून.

पाणी मारायला पाणी कुठून

सगळ्यात अवघड ठरलं हे. सिमेंटला निदान सात दिवस ओलं ठेवायला हवं, आणि मे महिन्यात पाण्याचीच बोंब. आम्ही ओलं गोणपाट फळीने दाबून चरीवर धरलं, त्यावर प्लास्टिक, आणि काम नसेल तेव्हा झाकणं बंद. आतली हवा दमट राहिली की पाणी फार लागत नाही. दिवसाला दोन बादल्या पुरल्या. उतरण्याआधी मात्र दर वेळी परत पंखा.

पाणी फवारायला मी आंब्यावरचा फवारणी पंप उचलला होता. आजीने ओट्यावरून हाक मारली, "अगं, त्यात औषध असतं." कितीही धुतला तरी पिण्याच्या टाकीत तो नको. नवा छोटा हातपंप आणला.

सात दिवसांनी आतून सगळीकडे दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग, एक हात आडवा, दुसरा उभा. घेताना डब्यावर पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असं लिहिलेलं आहे का ते वाचा. डांबर, ऑइल पेंट, साधं इपॉक्सी यांतलं काही आत नको. मग डब्यावर लिहिलेले दिवस ते सुकू दिलं. खर्च विचाराल, तर आमच्याकडे मालाचे साडेनऊ हजार आणि मजुरी वेगळी. मधल्या काळात एक टँकर मागवावा लागला, तेही मान्य करते.

पहिला पाऊस

नवं सिमेंट खूप अल्कधर्मी असतं, त्यामुळे पहिलं पाणी चुनकट लागतं. ते दोन दिवस ठेवून गायीला न देता झाडांना सोडलं. जूनमध्ये पाणी सोडायला जीव तुटत नाही.

शिवाय मोसमाच्या पहिल्या सरींत छपरावरची धूळ, शेण, पक्ष्यांची घाण येते. १०० चौरस मीटरच्या छपराचं पहिलं १०० ते २०० लिटर पाणी बाजूला काढायचं. पन्हळीच्या पाइपाला खाली टोपी असलेला एक उभा तुकडा जोडला की तो आधी भरतो आणि नंतरचं पाणी टाकीत जातं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी लावा, नाहीतर डासांना तुम्ही राजवाडा बांधून दिलात.

ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी विचारलं होतं की टाकीत क्लोरीन किती टाकायचं. ताज्या टीसीएलचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या २०,००० लिटरला ५० ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टाकीत. अर्ध्या तासाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पण हा क्लोरीन महिनोन्महिने टिकत नाही. म्हणून पिण्यापुरतं पाणी आई अजूनही उकळते.

आणखी एकाने विचारलं, दुरुस्ती झाली हे कळलं कसं? त्याच पट्टीने. दिवाळीला टाकी काठोकाठ होती. रात्री १० ते सकाळी ६, घट शून्य. खात्री वाटेना म्हणून दुसऱ्या रात्री परत मोजलं. शून्यच. पट्टी अजून झाकणाला बांधलेली आहे आणि रविवारचे फोटो चालू आहेत. परवाच्या फोटोत, १७ मेच्या, पाणी ६० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ६,००० लिटर. फोटोच्या कडेला गायीचं शेपूट आलंय. अळू मात्र सुकलं. शेजारच्या काकू आईला विचारत होत्या, काय केलंत म्हणून.